सदाशिव पेठेतली मोकळी जागा

पुण्यातल्या भागांची नावं आणि पिनकोड ओळीगणिक लिहिलेली फाइल आहे: ‘कोथरूड 411038’, ‘सदाशिव पेठ 411030’. तिची डिक्शनरी करायची आहे, म्हणजे नाव दिलं की पिनकोड मिळेल अशा जोड्या. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत नुसतं स्प्लिट (मोकळ्या जागेवर ओळ तोडणारी सोय) वापरलंत तर कोथरूडचे दोन तुकडे पडतात, सदाशिव पेठेचे मात्र तीन, आणि ते दोन व्हेरिएबलमध्ये भरताना प्रोग्रॅम व्हॅल्यूएरर ही चूक दाखवून थांबतो. म्हणून आरस्प्लिट घ्या, मॅक्सस्प्लिट 1 द्या. ओळ उजवीकडून एकदाच तुटते. डावा तुकडा, म्हणजे नाव, ही डिक्शनरीची ‘की’; उजवा, म्हणजे पिनकोड, ही तिची ‘व्हॅल्यू’. रिकाम्या ओळी आधी गाळा, शेवटी एखादी असतेच. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 लिहा, नाहीतर विंडोजवर मराठी अक्षरांचा पार चुथडा होऊ शकतो. एकच नाव दोनदा आलं तर पायथन काही न बोलता आधीची नोंद पुसतो. हे फार फसवं आहे. भरलेल्या ओळी आणि डिक्शनरीतल्या नोंदी मोजून ताडून बघाच.