एका दिवसात एकच डोंगरगाव: व्हिलफ्रांशला क्रूझवरून उतरताना या चुका टाळा

क्रूझच्या पत्रकावर ‘व्हिलफ्रांश-सूर-मेर, सकाळी 8 ते संध्याकाळी 6’ असं छापलेलं असतं. हे दक्षिण फ्रान्समधलं, नीस शहराजवळचं छोटं बंदर. आपण बोटांवर दहा तास मोजतो आणि बेत आखतो: सकाळी एझ, दुपारी सें-पॉल-द-व्हाँस ही डोंगरावरची जुनी गावं, येता येता मोनॅको. पहिल्या वेळी आई-बाबांना घेऊन मीही असाच बेत केला होता. दोन गावं ‘झाली’, पण बाबांना आज त्यातलं आठवतं ते फक्त बसचं थांबणं.

व्हिलफ्रांशला जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल उपसागरात नांगर टाकतं आणि आपण टेंडर म्हणजे छोट्या बोटींतून काठावर येतो. जहाजाची स्वतःची सहल घेतलेल्यांना सहसा आधी सोडतात, बाकीचे नंबराची वाट बघत बसतात. परतीची शेवटची टेंडरही जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते. जाण्या-येण्याचा वेळ वजा केला की हातात चार-पाच तास उरतात. तेवढ्यात एक गाव छान होतं, दोन होत नाहीत. वारा-लाटा जास्त असतील तर टेंडर रद्दही होतात, म्हणून पैसे परत न मिळणारं कुठलंही बुकिंग या दिवसासाठी करू नका.

एझ स्टेशनवर उतरून गाव शोधणे

ही चूक सगळ्यात जास्त होते. व्हिलफ्रांशहून लोकल ट्रेनने काही मिनिटांत एझ-सूर-मेर येतं. पण ‘सूर-मेर’ म्हणजे समुद्रकाठचं. खरं जुनं गाव डोक्यावर, 400 मीटरहून उंच कड्यावर आहे. स्टेशनवरून वर जाणारी बस आहे, पण ती वारंवार नसते. वेळापत्रक आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

बस चुकली की लोक पायवाटेकडे वळतात. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे 1880च्या दशकात हिवाळ्यात नीसला राहायचा, तेव्हा तो या वाटेने चढायचा आणि त्याच्या ‘झरथुष्ट्र’ या पुस्तकाचा काही भाग त्याला इथेच सुचला. वाट सुंदर आहे, पण सिंहगड चढायची सवय असेल तरच तिच्या वाटेला जा. तासाहून जास्त चढ, सुटे दगड, सावली थोडी. जुलै-ऑगस्टच्या दुपारी आणि पावसानंतर तर नकोच. गुडघे दुखणाऱ्यांनी ‘उतरायला काय लागतं’ असंही म्हणू नये; इथे उतरणंच जास्त त्रासाचं आहे.

नीसहून एझ गावाला थेट बस आहे, साधारण अर्ध्या तासाची. इथे आणखी एक घोटाळा होतो. किनाऱ्याला समांतर, एकावर एक असे तीन रस्ते आहेत: खालचा, मधला आणि वरचा कॉर्निश. ही बस मधल्यावरून जाते, त्यामुळे व्हिलफ्रांशच्या धक्क्यावर कितीही उभं राहिलात तरी ती येणार नाही. एक तर पायऱ्या चढून वरचा थांबा गाठा, नाही तर ट्रेनने नीसला जाऊन सुरुवातीच्या थांब्यावरच बसा. वयस्कर मंडळी असतील तर मी नीसला जाऊन बसायलाच सांगेन, कारण उन्हाळ्यात मधल्या थांब्यावर बस भरलेली येते. परतीला भरलेली बस न थांबता निघून गेली, तर पुढची वेळेत पोचवेल का ते लगेच पाहा. नसेल तर आणखी दोघं-तिघं जोडीला घ्या आणि टॅक्सी बोलवा. भाडं मात्र बसण्याआधी ठरवा.

अर्ध्यातून परतणे

एझच्या खालच्या गल्ल्यांत अत्तरं, चित्रं, साबण यांची दुकानं आहेत. बरेच जण तिथेच रेंगाळून परततात. हे बालेकिल्ल्यापर्यंत न जाता गड उतरण्यासारखं झालं. अगदी माथ्यावर, फ्रान्सचा राजा 14व्या लुईच्या हुकमाने 1706 मध्ये पाडलेल्या किल्ल्याच्या अवशेषांत निवडुंगांची बाग आहे. तिकीट लागतं, पण काढाच. खाली अख्खा किनारा पसरलेला दिसतो. आधी थेट वर जा, दुकानं उतरताना बघा. दगडी पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, तेव्हा पकड असलेले बूट हवेत; बाबागाडी इथे निरुपयोगी.

सें-पॉल निवडलंत तर दिवसभर तेच करा. तिथे रेल्वे नाही, नीसहून बसने जवळपास तास लागतो. व्हाँस हे पुढचं वेगळं गाव आहे, नाव ऐकून तिथे उतरू नका. चित्रकार मातिसने सजवलेलं प्रार्थनामंदिर मात्र त्या व्हाँसमध्ये आहे आणि ते रोज उघडं नसतं. सें-पॉलच्या दफनभूमीत चित्रकार शागालची साधी कबर आहे, तिच्यावर लोक खडे ठेवून जातात.

शाकाहारी समजून मागवणे

सालाद निस्वाजमध्ये बहुधा ट्यूना आणि अँचोव्ही हे मासे असतात. पिसालादिएर या कांदा पसरून भाजलेल्या चपट्या पावातही अँचोव्ही असतो. फुगास पावात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, विचारून घ्या. निर्धास्त खायचं तर सोका: चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त भट्टीत भाजलेलं. आईने दोनदा मागून खाल्लं. जेवणाची वेळ साधारण 12 ते 2. त्यानंतर बऱ्याच खानावळी चूल बंद करतात. दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणा. न म्हणणं तिथे उद्धटपणा समजतात.

घड्याळ आणि कागद

जहाजाची वेळ आणि गावाची वेळ कधी कधी वेगळी असते. फोन आपोआप बदलतो, म्हणून एक साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. जहाजाच्या दैनिक पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढा. आपण स्वतः फिरत असू तर जहाज थांबत नाही. उशीर झालाच तर पहिला फोन त्या एजंटला. भारतीय पासपोर्ट असेल तर आणखी एक: मार्गात ट्युनिशिया किंवा तुर्कस्तान असेल तर शेंगेन (फ्रान्ससह बऱ्याच युरोपीय देशांचा सामाईक) व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. हे घर सोडण्याआधीच तपासा.

शेवटच्या टेंडरच्या तासभर आधी धक्क्यावर या. जवळच मच्छीमारांचं सें-पिएर प्रार्थनामंदिर आहे. 1957 मध्ये फ्रेंच कवी-चित्रकार ज्याँ कॉक्तोने ते आतून चित्रांनी भरलं. उघडं असेल तर उरलेला तास तिथे घालवा, टेंडरची रांग तिथून दोन पावलांवर असते.