एडिटिंग शिकायचंय? आधी मॉनिटर दाखवा

लग्नाचे फोटो एडिट करणं हा माझा रोजचा धंदा. शिकायला येणारे सगळ्यात आधी विचारतात, लाइटरूम घेऊ की फोटोशॉप? मी त्यांचा मॉनिटर बघायला मागते. ज्याच्या भरवशावर रंग ठरवायचे तोच खोटं दाखवत असेल, तर सॉफ्टवेअर कितीही भारी असून उपयोग नाही.

‘लॅबने प्रिंट काळी काढली’ ही तक्रार या धंद्यात कायम ऐकू येते. लॅबचीही चूक असू शकते, पण बऱ्याचदा कारण आपल्या टेबलावर असतं. साध्या मॉनिटरची कमाल प्रखरता दर चौरस मीटरला 250 ते 350 कॅन्डेला (प्रखरता मोजायचं एकक) असते आणि बहुतेक जण तो तसाच फुल ब्राइटनेसवर वापरतात. मग फोटो उजळ दिसतो, आपण एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) खाली ओढतो, आणि कागद काही स्वतः उजळत नाही. प्रिंटसाठी काम करायचं तर प्रखरता 80 ते 120 च्या दरम्यान हवी. सुरुवातीला डोळ्यांना अंधारल्यासारखं वाटेल, सवय होते.

बाकीची उद्दिष्टं ठरलेली आहेत: व्हाइट पॉइंट (स्क्रीनवरचा पांढरा किती पिवळट किंवा निळसर ते) 6500 केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ ते) 2.2. हे डोळ्यांनी जमत नाही, कारण डोळे कुठल्याही पांढऱ्याला जुळवून घेतात. त्यासाठी कलरीमीटर लागतो. स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं हे छोटं यंत्र स्क्रीनवर टेकवायचं. सॉफ्टवेअर एकामागून एक रंग दाखवतं, यंत्र ते मोजतं आणि त्यावरून तुमच्या मॉनिटरचं प्रोफाइल, म्हणजे तो रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल, बनतं. डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मोजण्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, नाइट लाइट आणि ऑटो ब्राइटनेस बंद करा, ट्यूबलाइटचा उजेड थेट स्क्रीनवर पडू देऊ नका. महिन्याभराने पुन्हा मोजा. नवा मॉनिटर घेणार असाल तर आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी यात रंग फारसे बदलत नाहीत) आणि पूर्ण एसआरजीबी (नेहमीच्या वापरातला रंगांचा पल्ला) एवढं बघा. अडोबी आरजीबी या त्याहून मोठ्या पल्ल्याच्या महागड्या स्क्रीनची घाई नको. लॅबला बहुतेक वेळा एसआरजीबी जेपेगच द्यायची असते.

आता खरं शिक्षण. मी नवीन मुलांना हळदीचे फोटो देते, कारण त्यात सगळंच पिवळं: मांडवाचं कापड, झेंडूच्या माळा, गालावरची हळद. ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाची छटा काढून पांढरं पांढरंच दाखवणारी सोय) हा पिवळा मारायला जातो आणि नवरीचा चेहरा राखाडी पडतो. त्यापेक्षा हळद लागण्याआधीच्या फोटोत, त्याच उजेडातला एखादा पांढरा सदरा शोधा, त्यावरून बॅलन्स घ्या आणि तोच पुढच्या फोटोंना लावा. त्यानंतरही त्वचा पिवळी वाटली तर पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) थोडंसंच उतरवा. हळद हळदीसारखी दिसलीच पाहिजे.

लाल शालूचं दुखणं वेगळं. फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलचा बनतो. एकूण हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल 255 ला, म्हणजे शेवटच्या पायरीला जाऊन चिकटलेला असतो. मग निऱ्यांच्या घड्या एकमेकींत मिसळतात आणि शालू लाल डागासारखा सपाट होतो. तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघायची सवय लावा. लाल जरा उतरवला की घड्या परत येतात, पण त्यासाठी फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली हवी. 14 बिटच्या रॉमध्ये दर चॅनेलला 16,384 पायऱ्या असतात, जेपेगमध्ये फक्त 256. सरावाला डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे सॉफ्टवेअर घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींत रॉ उघडते.

अख्खा अल्बम छापायला टाकण्याआधी एक हळदीचा आणि एक शालूचा असे दोन छोटे प्रिंट मागवा. ते खिडकीच्या उजेडात बघा. आणि पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, मोबाइलवर बघून ‘रंग फिके आहेत’ म्हटलं, तर लगेच सॅच्युरेशन वाढवू नका. बऱ्याच फोनच्या व्हिव्हिड मोडमध्ये सगळेच रंग भडक दिसतात. त्यांच्या हातात छापलेला प्रिंट द्या, मग काय ते ठरवा.