पाणी योजनेचा प्रस्ताव पाठवताय? या चुका टाळा

गेली कैक वर्षं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या गावांचे पाणी योजनांचे प्रस्ताव लिहून देतोय. फाइल अडते ती बहुतेक त्याच त्याच चुकांमुळे, आणि त्यापायी एप्रिल-मेमध्ये बायकांना घागरी घेऊन वणवण करावी लागते, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे पाण्याची खात्री न करता टाकी मागणं. एका गावात बोअरची चाचणी ऑक्टोबरमध्ये घेतली. पाऊस नुकताच सरलेला, पाणी भरपूर. टाकी उभी राहिली, घरोघरी नळ आले. मार्चमध्ये पंप हवा ओढायला लागला. दुसऱ्या उद्भवासाठी, म्हणजे पाण्याच्या दुसऱ्या स्रोतासाठी, प्रस्ताव दिला, तर उत्तर आलं : गावात शंभर टक्के नळजोडण्या आहेत, प्राधान्य नाही. कागदावर गावाची तहान भागली होती! ते गाव यादीत पार तळाला गेलं. तीन वर्षं मी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिथं जात होतो. दोरीला दगड बांधून बोअरमधल्या पाण्याची पातळी मोजायची, पंप चार तास चालवायचा, पाणी किती उतरलं आणि पहाटेपर्यंत किती चढलं ते तारखेसह वहीत लिहायचं. त्या नोंदी जोडल्यावर कुठं फाइल हलली. घरोघरी नळ देण्याच्या केंद्राच्या जलजीवन योजनेचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. नऊशे वस्तीला साधारण पन्नास हजार लिटर झाले, जनावरं वेगळी. तेवढं पाणी एप्रिलमध्ये मिळत नसेल, तर आधी उद्भव मागा. पंचायतीच्या नव्या सदस्यांना हे थांबणं नको असतं, त्यांना मुदतीत टाकी दाखवायची असते. टाकीनं तहान भागत नाही.

दुसरी चूक, घोषणेलाच मंजुरी समजणं. म्हादईचं पाणी मलप्रभा नदीत वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेकडे बघा. २०१८ मध्ये म्हादई लवादानं मलप्रभेत वळवायला ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, २०२० मध्ये अधिसूचना निघाली, २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय जल आयोगानं डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, मान्य केला. तरीही वन आणि वन्यजीव परवानग्यांचा प्रश्न उरलाच. एवढ्या मोठ्या योजनेची ही गत, तर आपल्या पाइपलाइनचं काय? कुणी 'मंजूर झालं' म्हणालं की मी दोनच गोष्टी विचारतो : पैसे बजेटच्या कुठल्या हेडखाली, आणि प्रशासकीय मंजुरीचा नंबर काय? नंबर हातात आल्याशिवाय नारळ फोडू नका.

पाइप जंगलातून जात असेल तर सर्व्हे नंबर पहिल्याच नकाशावर दाखवा. लपवलेलं नंतर निघतंच.

ग्रामसभेचा ठराव मराठीबरोबर कन्नडमध्येही जोडा. मराठी कागदपत्रांचा हक्क मागत राहूच, पण तोवर पाण्याची फाइल परत येऊ देऊ नका.

लोकवर्गणी आधी गोळा करा, आश्वासनावर लिहू नका.

आणि निपाणीकडच्या वेदगंगाकाठच्या गावांनो, नवा बंधारा मागण्याआधी जुन्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला बसवतात त्या फळ्या, मोजा. गळके बरगे बदलायचं अंदाजपत्रक छोटं असतं, ते लवकर मंजूर होतं, आणि पाणी त्याच उन्हाळ्यात अडतं.