दोन बोटांऐवजी कर्सरच हलतो: यूइनपुटवर सुटलेलं कोडं

टचस्क्रीन जवळ नव्हता, म्हणून लिनक्सवर यूइनपुटने (प्रोग्रॅममधून आभासी इनपुट डिव्हाइस बनवायची कर्नलची सोय) आभासी टचस्क्रीन बनवून पिंच (दोन बोटांची चिमटी) तपासत होतो. स्क्रिप्टला एरर नाही, इव्हटेस्टमध्ये (डिव्हाइसचे इव्हेंट दाखवणारं साधन) आकडेही दिसत होते. पण पडद्यावर नुसता कर्सर सरकायचा. रेंज बदलली, वेग कमी केला, कर्नलवरही संशय घेतला. दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

घोळ डिव्हाइसच्या ओळखीत होता. मी बीटीएन_टूल_फिंगर (बोटाने वापरायचं डिव्हाइस, असं सांगणारा कोड) चालू केलं होतं, पण इनपुट_प्रॉप_डायरेक्ट (स्पर्श थेट पडद्यावर होतो, असं सांगणारा गुणधर्म) दिलंच नव्हतं; त्यामुळे यूडेव्ह (लिनक्समध्ये डिव्हाइस ओळखणारी व्यवस्था) त्याला टचपॅड समजत होतं.

आता आधी हा गुणधर्म, बीटीएन_टच (स्पर्श आहे की नाही) आणि स्लॉट (एकेका बोटाची जागा), ट्रॅकिंग आयडी (त्या स्पर्शाचा क्रमांक), एक्स, वाय हे एमटी (मल्टिटच) अक्ष (साधे एक्स-वायसुद्धा) जाहीर करतो. मग डिव्हाइस तयार करून एक सेकंद थांबतो. नाहीतर ऐकणारा प्रोग्रॅम जोडला जाण्याआधीच पहिले इव्हेंट वाया जातात. बोटं टेकवताना पाठवायचा क्रम असा: स्लॉट ०, आयडी १०, एक्स, वाय, लगेच स्लॉट १, आयडी ११, त्याचे एक्स, वाय, बीटीएन_टच १, आणि शेवटी एकच सिन_रिपोर्ट (इव्हेंटचा गट संपल्याची खूण). हलवताना आयडी पुन्हा पाठवायचा नाही. उचलताना प्रत्येक स्लॉट निवडून आयडी -१, बीटीएन_टच ०, सिन_रिपोर्ट. हा -१ विसरलात तर बोट काचेला चिकटल्यासारखं तिथेच राहतं.

लिबइनपुटच्या (इनपुट हाताळणारी लायब्ररी) डीबग-इव्हेंट्समध्ये आता दोन टच_डाउन दिसतात.