फंक्शनचे तुकडे असतील तर डावी-उजवी लिमिट कशी काढायची

निफाडहून लासलगावला कांदा न्यायचा आहे. समजा टेंपोचा दर असा आहे: ५ क्विंटलपर्यंत क्विंटलमागे ४० रुपये, त्याहून जास्त असेल तर सगळ्याच मालाला ३० रुपये. वजन क्ष धरा. क्ष ≤ ५ असेल तर भाडे ४०क्ष, क्ष > ५ असेल तर ३०क्ष.

आता ५ च्या जवळ सरका. ४.९ क्विंटलला १९६ रुपये, ४.९९ ला १९९.६०, आकडा २०० कडे चाललाय. पलीकडून ५.१ ला १५३, ५.०१ ला १५०.३०; हा १५० कडे. डावी लिमिट २००, उजवी १५०. जुळत नाहीत, म्हणून ५ पाशी लिमिटच नाही. बरोबर ५ क्विंटलचे भाडे २०० आहे, पण लिमिट ठरवताना ते विचारात घ्यायचेच नाही. मुलांचे सर्वांत जास्त मार्क इथेच जातात: बरोबरीची खूण असलेल्या ओळीत किंमत घातली, उत्तर आले, तीच लिमिट म्हणून लिहून टाकली.

वहीत आधी संख्यारेषा काढा, सूत्र जिथे बदलते तो सांध्याचा बिंदू अ मांडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना त्या त्या बाजूचे सूत्र लिहा. मग दोन वेगळ्या ओळींत दोन लिमिट काढा. डावीसाठी क्ष = अ − ह, उजवीसाठी क्ष = अ + ह; ह नेहमी धन आणि शून्याकडे जाणारा.

हे उदाहरण करून बघा. क्ष < ३ ला (क्ष² − ९)/(क्ष − ३), क्ष = ३ ला ७, क्ष > ३ ला २क्ष. डावीकडे क्ष = ३ − ह घातले की अंशात ९ − ६ह + ह² − ९, म्हणजे −६ह + ह² उरते. छेदात −ह. भागाकार ६ − ह, लिमिट ६. छेदातले ऋण चिन्ह विसरलात तर −६ येईल आणि लिमिट नाही असे चुकीचे उत्तर लिहाल. उजवीकडे २(३ + ह), तेही ६. म्हणजे लिमिट ६ आहे. फंक्शनची किंमत मात्र ७, म्हणून ३ पाशी ते संतत (लिमिट आणि तिथली किंमत सारखी असलेले) नाही. लिमिट असणे आणि संतत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या इथे स्पष्ट दिसतात.

मापांक (| | ही खूण, आतल्या संख्येची चिन्ह सोडून किंमत) दिसला की आधी तो फोडा: |क्ष − ३|/(क्ष − ३) डावीकडे −१, उजवीकडे १. पूर्णांक फंक्शन [क्ष] (क्ष पेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक) चे ३ पाशी डावीकडे २, उजवीकडे ३. आणि २⁻ म्हणजे उणे दोन नव्हे. २ पेक्षा किंचित लहान.

‘लिमिट असेल असा क काढा’ या प्रकारात दोन्ही लिमिट सारख्या ठेवायच्या. क्ष ≤ २ ला कक्ष + १, क्ष > २ ला क्ष² + ३ असेल तर २क + १ = ७, म्हणून क = ३. प्रश्न सांतत्याचा असेल तर फ(२) ची किंमतही ७ येते हे लिहून दाखवा. ती ओळ गाळली की पायरीचा मार्क जातो.