काचपट्टीवरचं रक्त कसं वाचायचं

हातमोजे घाला, थेंब छोटाच घ्या. दुसरी काचपट्टी 30 ते 45 अंशांत टेकवा, थेंब कडेने पसरला की एका दमात पुढे सरकवा. मध्येच थांबलात तर पट्टे उठतात. माझ्या पहिल्या महिन्यातल्या काचपट्ट्या झेब्र्यासारख्या दिसायच्या. वाळल्यावर पेशी रंगवणारा लिशमन रंग द्या.

आता तेलाचा थेंब टाकून 100च्या भिंगाखाली बघा. शेपटीच्या, म्हणजे थराच्या पातळ टोकाच्या, जरा अलीकडे, पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथे. आधी दिसतील तांबड्या पेशी: 7-8 मायक्रॉनच्या, मध्ये फिकट. ते भोक नाही, खळगा आहे. दोन्ही बाजूंनी दबलेली, केंद्रक नसलेली ही पेशी ऑक्सिजन घेऊन स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही वाकून निघते. फिकट भाग व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा असेल, तर हिमोग्लोबिन कमी असल्याची शंका घ्या.

पांढऱ्यांत न्यूट्रोफिल केंद्रकाच्या 2 ते 5 तुकड्यांवरून लगेच कळतो. जंतू गिळणारा हाच. छोटा लिम्फोसाइट म्हणजे जवळजवळ सगळं केंद्रकच. इओसिनोफिलचे नारिंगी कण मला अजूनही बघत बसावेसे वाटतात. जांभळट ठिपके म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट. त्या कमी वाटल्या तर लगेच लिहून टाकू नका. शेपटीच्या टोकाला घोळका करून बसल्यात का, ते आधी बघा.