व्हिएतनाममध्ये निळी नोट देताना शून्ये मोजावीत
व्हिएतनाममध्ये काटकसरीने फिरणाऱ्याचे बहुतेक व्यवहार पदपथावरील खाद्यगाड्यांशी, ठेंगण्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून आणि रोखीने होतात. म्हणून तेथील डोंगच्या नोटा पहिल्याच दिवशी खोलीवर निवांत बसून पाहून घ्याव्यात. सर्वांत फसवी जोडी २० हजार आणि ५ लाख डोंगच्या नोटांची आहे. दोन्ही निळसर, दोन्ही पॉलिमरच्या आणि दोन्हींवर हो ची मिन्ह यांचेच चित्र असल्यामुळे रात्रीच्या मंद उजेडात कॉफीचे पैसे देताना पंचवीसपट रक्कम सहज हातातून निसटते. २० हजारांच्या नोटेमागे होई आन येथील छताचा जपानी पूल आहे, तर ५ लाखांच्या नोटेमागे हो ची मिन्ह यांचे गावाकडचे घर. मात्र गर्दीत चित्रे न्याहाळण्यापेक्षा मोठ्या नोटा वेगळ्या खिशात ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते.

दरफलकाचीही एक गंमत आहे. तेथे हजारानंतर स्वल्पविरामाऐवजी टिंब देतात, त्यामुळे ३०.००० हा आकडा आपल्याला दशांश अपूर्णांकासारखा भासतो, आणि पुष्कळदा तर विक्रेते शेवटची तीन शून्ये गाळून नुसते ३० लिहितात. बोलण्यातही हीच पद्धत असल्याने, भाषा येत नसल्यास फोनच्या गणकयंत्रावर पूर्ण रक्कम टंकून विक्रेत्याला दाखवावी आणि त्याने मान डोलावल्यावरच खाणे मागवावे. लहान गाड्यांवर ५ लाखांचे सुटे मिळणे कठीण असते. ती नोट हॉटेलात किंवा मोठ्या दुकानात आधीच मोडून घ्यावी.